गवतावरची उभी रेघ

मंगरूळपीर
१५ जुलै १९७३

दादा,

जयभीम. खुशाली विचारायचा हक्क तू माझ्याकडे ठेवलेला नाहीस, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आईने ते पाखरू पाहिलं.

कोणतं ते तुला सांगायला नको, पण मी सांगणार, कारण चार वर्षं तू माझं काही ऐकलेलं नाहीस. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास. बाबांबरोबर आसेगावच्या गायरानात गवताचा भारा आणायला गेलास आणि एकटाच धावत परत आलास. म्हणालास, गवतातून एक काळं पाखरू सरळ वर उडतं, हवेत पंख फडफडवतं, त्याच जागी खाली पडतं आणि पुन्हा उडतं. बाबा खाली वाकून गवत कापत होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. शाळेत पोरांनी तुझं नाव ‘उडीमार’ ठेवलं. त्यातल्या एकाचं तू डोकं फोडलंस. त्याचे घरचे दारात येऊन उभे राहिले तेव्हा आईने सगळ्यांसमोर तुला बदडलं आणि म्हणाली, पाखरू नव्हतं म्हण. तू आणखी मार खाल्लास. मग म्हणालास, नव्हतं.

मी आईच्या लुगड्याचा काठ धरून उभी होते. लहान होते, पण तुझं ते ‘नव्हतं’ मला अजून ऐकू येतं.

तर गेल्या आठवड्यात आई निंदणीवरून गायरानातून परत येत होती. यंदा तिथलं गवत तू ओळखणार नाहीस. मागच्या साली दुष्काळात लोकांनी जनावरं मिळेल त्याला देऊन टाकली, गावात चरायला जनावरच उरलं नाही. यंदा पाऊस बरा झाला आणि सगळं गायरान कमरेइतकं वाढून उभं आहे. आई तिथून थेट मंगरूळच्या एस.टी.त बसली आणि विळा हातात घेऊनच आमच्या फोटोच्या दुकानात आली. गिऱ्हाईक घाबरलं. आई म्हणाली, “म्या ते पाह्यलं. शेषा सांगे ते. वर येते अन् खाली जाते. त्याले लिही. म्हना तू खरा व्हता, मायनं उगाच मारलं.”

पुढच्या रविवारी हे कॅमेरा घेऊन गेले. ‘हे’ म्हणजे इंद्रभान, तुझे मेहुणे, ज्यांचं तोंड तू अजून पाहिलेलं नाहीस. सोबतचा फोटो त्यांनी काढलेला आहे. खाली गवत आहे आणि गवताच्या वर जो काळा फराटा दिसतो ते पाखरू आहे. तुमच्या कॉलेजच्या कपाटात पेंढा भरलेल्या पाखरांना तू नावाच्या चिठ्ठ्या लावतोस असं आई अभिमानाने सगळ्यांना सांगत असते. याला पण एक चिठ्ठी लाव. आईला उत्तर हवं आहे. मला नकोय, मी फक्त लिहून दिलं.

विजयमाला


मंगरूळपीर
३० जुलै १९७३

दादा,

तुझं कार्ड मिळालं. ‘श्री. स्टुडिओ मालक यांस’ असा मायना वाचून पोस्टमनलाच हसू आलं. त्याला माहीत आहे मी तुझी कोण ते.

‘छायाचित्र अत्यंत अस्पष्ट असून हात हलल्याचे दिसते. पक्षी बहुधा तितर असावा. अशा चित्रावरून ओळख पटविणे अशास्त्रीय आहे.’ हे मी आईला वाचून दाखवलं. अशास्त्रीय म्हणजे काय, असं तिने विचारलं. मी सांगितलं, म्हणजे दादा रागावलेला आहे.

आता माझं ऐक. पाखरांतलं मला काही कळत नाही, पण हललेल्या फोटोंतलं कळतं. ते माझं रोजचं काम आहे. तू म्हणतोस ना, शिक्षिकेचं ट्रेनिंग सोडून, फोटोवाल्याशी लग्न करून ही काळोख्या खोलीत जाऊन बसली. काळोख्या खोलीत बसून मी हे शिकले. हात हलला असता तर गवतही हललं असतं. भिंग घे आणि बघ, गवताचं पातं न् पातं वेगळं दिसतं, तुरासुद्धा. म्हणजे कॅमेरा जागचा हललेला नाही, हललंय ते पाखरू. आणि हललंय कसं तेही बघ. तितर उडालं की ते पुढे पळतं, त्याचा फराटा आडवा नाहीतर तिरपा येतो. मांडीवर बसवलेलं पोर मान फिरवतं तेव्हा तोंडाचा फराटा आडवा येतो, तसाच. हा फराटा उभा आहे. खालून वर, सरळ, कोणी पट्टी धरून ओढावा तसा. जागच्या जागी सरळ वर उडणारं तितर तुझ्या पुस्तकात असेल तर मला पान कळव.

फोटो अस्पष्ट आहे म्हणून तू तो बाजूला ठेवलास. मी म्हणते, जे सांगायचंय ते त्या अस्पष्टपणातच आहे. शांत बसलेल्या पाखराचा चांगला फोटो आला असता तर त्यातून आपल्याला हे कळलंच नसतं.

आणि एक. मी स्वतः जाऊन पाहून आले.

तांड्यावरच्या सोमलाकडे बैलजोडी वाचली आहे. माणूस पायी गेला की पाखरू गवतात बसतं, पण बैलगाडीला ते भीत नाही, असं यांच्या लक्षात आलं. म्हणून आम्ही सोमलाच्या गाडीत बसून गेलो. आभाळ भरून आलेलं होतं, वारा नव्हता. गाडी गवतात उभी केली आणि सोमलाने बैलांच्या तोंडाला चारा दिला. बराच वेळ काहीच नाही. मग बेडूक घसा साफ करतो तसा एक आवाज आला, आणि गवतातून ते वर आलं.

दादा, मला नीट लिहिता येणार नाही. काळंभोर पाखरू, कोंबडीएवढं सुद्धा नाही, पाय पोटाशी घेतलेले, मान मागे टाकलेली, आणि पंखांचं पांढरं एकदम उघडलेलं. माझ्या डोक्याच्या वर गेलं असेल. वर गेल्यावर एक क्षण ते थांबतं. खरंच थांबतं, खाली यायचं विसरल्यासारखं. मग पंख मिटून धपकन गवतात. गवत मिटतं आणि तिथे काही होतं असं कोणी म्हणणार नाही. मी श्वास रोखून बसले, आणि पुन्हा त्याच जागी ते वर आलं. आणि पुन्हा. कोणी बघत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि हा जीव सगळा जोर लावून स्वतःला आभाळात फेकतो आहे. मला रडू आलं. का ते मला सांगता येत नाही.

तू दहा वर्षांचा असताना एकट्याने हे पाहिलंस आणि पोटात घेऊन घरी पळत आलास. मला आत्ता कळलं की तू त्या पोराचं डोकं का फोडलंस.

विजयमाला


मंगरूळपीर
१३ ऑगस्ट १९७३

दादा,

या वेळी कार्ड नाही, अंतर्देशीय, आणि वर माझं नाव. प्रगती आहे. ‘सौ.’ लावायला हात धजला नाही वाटतं.

उभ्या फराट्याबद्दल तुझं म्हणणं असं की मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तुझ्याकडून एवढं मिळालं म्हणून मी ते वाक्य दोनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं. पाखराचं नावही तू पहिल्यांदाच लिहिलंस. तणमोर. आमच्याकडे म्हाताऱ्यांपैकी कोणीकोणी ते नाव घेतात, पण पाहिलेलं कोणीच नाही. आजोबांनी सांगितलं होतं, असं सांगतात.

पण पुढचं तुझं वाचलं आणि राग आला. तू लिहितोस की या भागात तो आता राहिलेला नाही असं जाणकारांचं मत आहे, तुम्हाला भास झाला असेल, लहानपणी तुलाही झाला होता, लहान मुलं काहीही बघतात. दादा, त्या दिवशी आईने तुझ्याकडून जे वदवून घेतलं ते तू अजून म्हणतो आहेस. मारायला आता कोणी उभं नाही तरी.

ते असो. तू म्हणतोस की खात्री करायची एकच खूण आहे. नराच्या डोक्यामागे केसासारखे बारीक तुरे असतात, मागून वर वळलेले, टोकाला पानासारखे रुंद झालेले, आणि ते दुसऱ्या कुठल्याही पाखराला नसतात. ते दिसले तर तणमोर, नाही तर नाही. आणि ते दाखवलंत तर स्वतः येऊन बघीन, असं तू लिहिलंयस. हे मी आसेगावला जाऊन आईला तीनदा वाचून दाखवलं, कारण तिने तीनदा वाचायला लावलं. मग ती उठली आणि तिने तुझी जुनी गोधडी उन्हात टाकली. ऊन नव्हतं, तरी टाकली.

तर फोटो पाठवते आहे. यांनी सोमलाच्या गाडीतून तीन रविवार काढले. पाखरू वर जाऊन थांबतं म्हणून मी सांगितलं होतं ना, त्याच क्षणी यांनी बटण दाबलं. हा त्यातल्या त्यात चांगला आलेला आहे. पंख हललेले आहेत, पण डोकं आणि मान ठीक आली आहे. तो छापून ओला असतानाच तुझं पत्र आलं.

खोटं कशाला सांगू, निगेटिव्ह काही चांगली नव्हती. ढगाळ उजेड, आणि गाडीच्या धक्क्यात फिल्मवर ओरखडेही पडले होते. तुला अशास्त्रीय म्हणायला जागा राहू नये म्हणून छापायच्या आधीच मी तिच्यावर माझ्या हाताने काम केलं. तालुक्यातल्या लग्नाच्या मुलींचे फोटो माझ्याच हाताखालून जातात. देवीचे वण मी असे काढते की मुलीच्या आईलाही शोधून सापडत नाहीत. यातही आता एक डाग ठेवलेला नाही, मागचं आभाळ कसं नितळ आहे बघ. तुरे मात्र मला दिसले नाहीत, पण तुझी नजर शिकलेली आहे, तुला दिसतील.

आई विचारते, येशील तेव्हा ज्वारीची भाकर खाशील ना, का नागपूरला पोळीची सवय झाली.

विजयमाला


मंगरूळपीर
२३ ऑगस्ट १९७३

दादा,

‘तुरे नाहीत. डोक्यामागील आभाळ पूर्ण मोकळे आहे. सबब हा तणमोर नव्हे. विषय येथेच संपवावा.’

संपवला.

आईला वाचून दाखवलं. त्यासाठी आसेगावला गेले होते. गोधडीची घडी करून तिने पेटीत ठेवली. मी निघताना एवढंच म्हणाली, “त्याले म्याच शिकवलं व्हतं नाई म्हनाले.”

यांना वाटतं फोटो आपला कमी पडला. मी त्यांना सांगितलं, फोटो चांगला आहे, बघणाराच तसा आहे. पण मनातून मलाही आता कळेनासं झालंय की आपण काय पाहिलं. एवढे दिवस रोज डोळ्यांपुढे येणारं पाखरू तुझ्या तीन ओळींनी पुसट झालं. तू दहा वर्षांचा होतास तेव्हा तुझंही असंच झालं असेल.

विजयमाला


मंगरूळपीर
२९ ऑगस्ट १९७३

दादा,

विषय संपवला असं मी लिहिलं होतं. ते मागे घेते. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग हसायचं तेवढं हस.

पोळ्याला मी आसेगावला गेले. पाखराला शेवटचं एकदा बघावं आणि सोडून द्यावं, असं मनात होतं. पण पोळ्याच्या दिवशी बैल जुंपायचे नसतात. सोमला त्यांच्या शिंगांना रंग लावत बसला होता, आज राजालाही गाडी मिळणार नाही म्हणाला. म्हणून मी आणि आई सकाळीच पायी गेलो. माणसाला ते पाखरू भितं, तेव्हा जवळ जाऊन आम्ही दोघी गवतात आडव्या पडलो. खाली सगळी ओल. या वयात आई चिखलात पालथी पडून पाखराची वाट बघते आहे, हे तू बघायला हवं होतंस.

गाडीतून बघताना पाखरू नेहमी लांब असायचं, एवढं बारीक काही दिसायचं नाही. या वेळी आम्ही जमिनीवर होतो, ते आमच्याजवळून वर गेलं आणि त्याच्यामागे नुसतं आभाळ होतं. वर जाऊन ते थांबलं. आणि मला दिसलं की त्याच्या डोक्यामागून बारीक काळ्या रेघा निघाल्या आहेत, वर वळलेल्या, टोकाला जाड. आभाळावर कोणी बोरूने ओढल्यासारख्या.

आईने माझा दंड धरला. “पाह्य, पाह्य, त्याच्या कानामांगं काय हाय.”

त्या रेघा मी आधी पाहिल्या होत्या. डाग भरायच्या माझ्या काचेवर, भिंगाखाली. त्या मी स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या.

तुला समजावून सांगते. निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं. उजळ आभाळ काळं येतं आणि काळी वस्तू कोरी येते. म्हणून काळे तुरे निगेटिव्हवर बारीक कोऱ्या रेघा होऊन आले होते. आणि फिल्मवर ओरखडा पडला की तोही असाच दिसतो, काळ्या आभाळात कोरी रेघ. मी रोज असे ओरखडे टोकदार पेन्सिलने भरते, हात आपोआप चालतो. याही भरल्या. एकेक करून, जीव लावून, आजूबाजूच्या आभाळाशी रंग मिळवून. तुला पाठवलेलं ते नितळ आभाळ मी भरलेलं होतं. ज्या एका खुणेसाठी तू येणार होतास ती खूण मी डाग समजून काढली, आणि वर तुला लिहिलं की बघ, एक डाग ठेवला नाही.

संध्याकाळच्या गाडीने परत आले. यांना सांगितलं तेव्हा हे उठून टर्पेंटाइनची बाटली घेऊन आले. पेन्सिल टर्पेंटाइनने निघते, पण जपून पुसावं लागतं, खालचा थर गेला तर सगळंच गेलं. हे म्हणाले, “तूच भरलं, तूच काढ.” कापसाचा बोळा घेऊन मी पुसत गेले. मग कागदावर ते टाकलं आणि कागद पाण्यात सोडला.

तू कधी डार्करूममध्ये उभा राहिलेला नाहीस. तिथे लाल दिव्याखाली कोरा कागद औषधी पाण्यात पडलेला असतो आणि त्यावर काहीही नसतं. मग कुठून तरी ते यायला लागतं. हे मी हजार वेळा पाहिलंय आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आधी गवत आलं. मग पंखांचा फराटा, मग मान. आणि मग, सगळ्यात शेवटी, डोक्यामागून एक केस वर आला, वळला आणि टोकाला पान झाला. त्याच्यामागून दुसरा, आणि तिसरा. हे माझ्या शेजारी उभे होते. कागद जास्त वेळ राहिला तर काळा पडतो, हे आम्ही दोघंही विसरलो. तुला पाठवलेल्या फोटोत आभाळ जरा करडं आहे ते त्यामुळे.

फोटोबरोबर निगेटिव्हही पाठवते आहे, म्हणजे मी नवीन रेघा ओढल्या असं तुला वाटायला नको. भिंगातून बघ. माझ्या पेन्सिलची थोडी कड एका ठिकाणी राहिली आहे, तीही दिसेल. निगेटिव्ह एकच आहे. हरवली तर संपलं. तरी पाठवते.

तू बोलून दाखवायचास, विजयमाला लोकांच्या तोंडावरचे डाग पुसायला गेली. हो, गेले. आणि पुसताना चुकलेही. पण त्या कोऱ्या रेघा पुन्हा कशा आणायच्या हेही मला त्याच खोलीत शिकायला मिळालं.

पाखरू पाऊस असेतोवर राहील. मग कुठे जातं कोणालाच ठाऊक नाही. आईने गोधडी पुन्हा बाहेर काढलेली आहे. मी सांगितलं नव्हतं तरी.

विजयमाला


मंगरूळपीर
२३ सप्टेंबर १९७३

दादा,

तू पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यावर यांचं नाव लिहिलंस, ‘श्री. इंद्रभान यांस सप्रेम जयभीम’. हे ते कार्ड हिशेबाच्या वहीत न ठेवता खिशात ठेवून फिरत आहेत. आज ते सदऱ्यासकट धोब्याकडे जाता जाता वाचलं.

जे घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, तरी लिहिते. कारण तू वर बघत होतास आणि मी तुझ्याकडे बघत होते, तेव्हा माझ्याकडचं तुला माहीत नाही.

तू दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलास तेव्हा मी आत काळोखात होते. बाहेरून यांचा आवाज येत होता, पासपोर्ट की मोठा, कोट हवा असेल तर आमच्याकडे आहे. मग स्टूल सरकवल्याचा आवाज, दिवा लावल्याचा आवाज. मी हात पुसत पडदा सारला तर स्टुलावर तू बसलेला, गळ्यात दुर्बीण, आणि हे तुझी हनुवटी धरून मान सरळ करत आहेत. ओळख द्यायचं तुला सुचलं नाही आणि यांना तर माहीतच नव्हतं. चार वर्षांचा राग तू नागपूरहून एवढ्या लांब आणलास आणि मेहुण्याने तुला गिऱ्हाईक समजून बसवलं. मला हसू आवरेना. तुलाही आवरलं नाही. मग तुझे डोळे भरून आले, तेव्हा मी पडदा पुन्हा ओढून घेतला. तुला वाटलं मी रागावले. मी आत जाऊन उभी होते.

आसेगावला आईने दारातच तुझा हात धरला. तिने काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, मला ठाऊक आहे, दिवसभर पुटपुटत होती. पण तू समोर आल्यावर तिला एवढंच जमलं, “म्या पाह्यलं रे बावा. तू खरा व्हता.” तू म्हणालास, जेवायला वाढ. तेवढंच म्हणालास. पण त्यानंतर तू जे जेवलास ते बघून शेजारची चंपाबाई मला म्हणाली की नागपूरला याला कोणी वाढत नाही काय.

दुसऱ्या दिवशी सोमलाची गाडी. तू, आई, मी आणि कॅमेरा. कॅमेरा यांनी मुद्दाम माझ्या गळ्यात घातला आणि स्वतः घरी थांबले. तू वाटेत सारखं सांगत होतास की पाऊस ओसरला आहे, नर आता थांबेल असं नाही, दिसला नाही तरी फोटो पुरेसा आहे, कॉलेजात सगळ्यांनी पाहिलाय. एवढं बोलताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. तुला भीती वाटत होती. मलाही वाटत होती, आणि आईने तर गाडीचा दांडा घट्ट धरून ठेवला होता.

गाडी थांबली. गवत आता वरून पिवळं पडायला लागलं होतं. आपण बसून राहिलो, आणि तू घड्याळाकडे बघायला लागलास, तेवढ्यात तो बेडकासारखा आवाज आला.

आणि ते वर आलं.

मी कॅमेरा पाखरावर धरायला हवा होता. तूच सकाळपासून सांगत होतास की कसा धरायचा, कुठे धरायचा. पण त्या क्षणी मी वळले आणि तुझ्यावर धरला. का ते विचारू नकोस. चांगलं पाखरू सोडून तुझा फोटो काढला म्हणून तू दिवसभर बोलत होतास, आणि जाताना म्हणालास की बिघडलेला असला तरी धुऊन ठेव.

धुतला. सोबत पाठवते.

डावीकडे आई आहे, स्पष्ट आली आहे, तोंड उघडं. गाडीचा खिळा न् खिळा दिसतो. बैलाचा कान दिसतो. आणि आईच्या शेजारी, तू जिथे बसला होतास तिथे, फळीपासून वर आभाळापर्यंत गेलेला एक फराटा आहे. तोंड नाही, हात नाहीत, दुर्बिणीचा पट्टा तेवढा मध्येच कुठेतरी चमकला आहे. मला आधी वाटलं माझा हात हलला. मग गाडीच्या खिळ्यांकडे बघितलं. हात हललेला नव्हता. आणि फराटा उभा आहे, दादा. खालून वर, सरळ.

तू उडी मारली होतीस. तीस वर्षं ओलांडलेला, चष्मा लावणारा, अशास्त्रीय शब्द लिहिणारा तू, गाडीत उभ्याने उडी मारलीस, बैल बिथरले ते त्यामुळे. तुला आठवतही नसेल.

काल आई आली होती. ती म्हणते की पोळ्याच्या आसपास होतं ते सगळं संपलं, गायरान आता गप्प आहे. पाखरू गेलं. कुठे गेलं आणि पुढच्या साली येईल का, हे तुझ्या पुस्तकातही नाही म्हणतोस. लोक पुन्हा जनावरं घेत आहेत, पुढच्या साली गवत एवढं राहणार नाही. एवढासा जीव आला, इतक्या उंच उडाला आणि आपल्या तिघांना त्याने एका गाडीत बसवलं. त्याला हे माहीतही नाही. मला अजून रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, आपण हे खरंच पाहिलं.

तुझा फोटो मी आईच्या हातात दिला आणि काही सांगितलं नाही. तिला जवळचं नीट दिसत नाही. उजेडाकडे धरून तिने स्वतःला बघितलं, बैलाला बघितलं. मग त्या फराट्यावर तिचं बोट थांबलं. मी विचारलं, हा कोण आहे, ओळख बरं.

तिने लगेच सांगितलं. “हा शेषा हाय. दहा वर्साचा.”

फोटोला मी पेन्सिल लावलेली नाही.

तुझी विजा